मुंजाबाचे रविवार

रणझुंजार सिक्युरिटी सर्व्हिसेस. नाव ऐकलं की वाटावं, हे लोक सीमेवरून थेट बीड बायपासवर उतरले असतील. आमच्या एकशे सत्तर गार्डांपैकी एकानंही रण बघितलेलं नाय, आन झुंज म्हणाल तर पगाराच्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात होते तेवढीच. मालक इंद्रजीत, माझा मावसभाऊ. आम्ही दोघंही देवगाव रंगारीचे. पोलीस भरतीत छाती दोन सेंटिमीटर कमी भरली म्हणून पठ्ठ्या घरी आला, आन पोलीस होता येत नाय तर पोलिसासारखी दिसणारी माणसं भाड्यानं देऊ म्हणून धंदा काढला. खांद्यावर शहागंजातून आणलेले पितळी तारे लावून फिरतो. एकदा मी विचारलं, "इंद्रा, तीन तारे म्हणजे कोणता रे हुद्दा?" तर म्हणाला, "दुकानदाराकडं तीनच शिल्लक होते."

मी बद्रीनाथ, तिथला फील्ड ऑफिसर. म्हणजे एजन्सीच्या मोटारसायकलवरून गेटा-गेटावर फिरायचं, कोणता गार्ड पेंगतोय ते बघायचं, आन महिनाअखेरीला हजेरीचं रजिस्टर लिहायचं. रजिस्टरात जे घडलं ते लिहायचं नसतं, कायद्यानं जे घडायला पाहिजे होतं ते लिहायचं असतं. ड्युटी बारा तास, लिहायची आठ. सुट्टी एकही नाय, लिहायची दर रविवारी. कुंपणानं शेत खाल्लं असं लोक म्हणतात. आमच्याकडं कुंपण शेत खायचं आन वर पीक जोमात असल्याचा दाखला द्यायचं, आन तो दाखला मी लिहायचो.

ह्या सगळ्या जत्रेत गार्ड म्हणून शोभेल असा एकच माणूस, मुंजाबा. सहा फूट उंच, मिशा अशा की सोसायटीतली पोरं त्याच्याबरोबर फोटो काढायची. पिशोरच्या पुढं दोन कोसावर धनगरांची वस्ती आहे, तिथला हा गडी. चराईची रानं गेली, कळप आटला, उरलेली साठ मेंढरं धाकट्या भावाकडं, रामकडं सोपवून हा शहरात आला आन बायपासवरच्या एका मोठ्या सोसायटीच्या गेटवर उभा राहिला. नऊ वर्षं तेच गेट. वाचता जेमतेम यायचं, पण तीनशे गाड्या नुसत्या आवाजावरून ओळखायचा. संध्याकाळी आठला खोलीवर जाताना बदलीच्या गार्डाला सांगायचा, "बी विंगची पांढरी गाडी अजून आली नाय, ध्यान ठिव." कुणी सांगितलं नव्हतं त्याला हे करायला. कळप मोजायची सवय, दुसरं काय.

आन सोसायटीचे लोक! माणुसकीवर व्हॉट्सॲपला रोज एक सुविचार टाकणार, आन ह्या पन्नाशीच्या माणसाकडून गॅसची टाकी चौथ्या मजल्यावर चढवून घेणार. एका बाईनं तर त्याच्या हातात कुत्र्याचा पट्टा दिला, फिरवून आण म्हणून. मुंजाबानं विचारलं, "मॅडम, आमची कुत्री मेंढरं राखायची. हे काय काम करतं?" बाई म्हणाल्या, "काम कसलं? तो आमच्या घरातला मेंबर आहे." मुंजाबानं कुत्र्याला फिरवून आणलं आन मला म्हणाला, "बद्रीभाऊ, त्याला दुपारी झोपायला मिळतं. आपल्यापेक्षा बरी नोकरी हाय."

दोन वर्षांमागं त्याच्या बायकोला, म्हाळसाबाईला, लकवा मारला. उजवी बाजू गेली. "जीभ तेवढी वाचली," मुंजाबा सांगायचा, "आन ती आता दोन्ही बाजूंचं काम करती." हसत सांगायचा, पण तेव्हापासून त्याचं एकच मागणं सुरू झालं. आठवड्यातनं एक दिवस. शनिवारी ड्युटी सुटली की रात्रीची एसटी धरून गावी जायचं, रविवारी म्हाळसाबाईला न्हाऊ घालायचं, डोकं विंचरायचं, सोमवारी सकाळी गेटवर हजर. रामची बायको सत्यशीला करायची सगळं, तिच्याबद्दल तक्रार नव्हती. "पर ती लाजती ओ," मुंजाबा म्हणायचा. "दुसऱ्याच्या हातानं अंग धुवून घ्यायचं म्हणल्यावर तोंड भिंतीकडं करून बसती. माझ्यापुढं तिला लाज नाय."

माझं उत्तर ठरलेलं. "रिलीव्हर नाय, मुंजाबा." रिलीव्हर म्हणजे सुट्टीच्या दिवशी बदली उभा राहणारा गार्ड. सहा गार्डांमागं एक ठेवावा लागतो, हिशेब पोरालाही कळेल. इंद्रजीतनं नऊ वर्षांत एक ठेवला नाय. गार्डानं स्वतःच कुणाला तरी दुप्पट ड्युटीला तयार करायचं आन मग जायचं. मुंजाबाला असं वर्षातनं तीनदा जमायचं. आन मी माझ्या रजिस्टरात त्याला बावन्न वेळा घरी पाठवायचो.

गेल्या वर्षी एजन्सीचं लायसन संपत आलं. हे लायसन पाच वर्षांनी नवं करावं लागतं, आन कायदा लिहिणारानं लई मन लावून लिहिलाय. प्रत्येक गार्डाला वीस दिवसांचं प्रशिक्षण पाहिजे, त्याचे पुरावे पाहिजेत, कामगारांचे नियम पाळलेले पाहिजेत. इंद्रजीतनं वीस दिवसांचं प्रशिक्षण एका सकाळी उरकलं. पडेगावच्या बाजूला एक मोकळा प्लॉट, चाळीस गार्ड, एक खडूचा फळा. फळ्यावर तारीख लिहायची, फोटो काढायचा. तारीख पुसायची, टोप्यांची अदलाबदल करायची, दुसरा फोटो. आग विझवायचा लाल सिलिंडर ओळखीच्या पेट्रोल पंपावरून तासाभरासाठी आणलेला, आन पंपवाल्याचा माणूस शेजारी उभा, "उघडू नका, सील तुटंल" म्हणत. दोरीवर चढायच्या फोटोत दोरी वर दोघांनी धरलेली. प्रत्येक फोटोत पुढं मुंजाबा, कारण तो एकटाच गार्ड दिसायचा. अकरा वाजता शेवटची तारीख पडली. मुंजाबानं मला विचारलं, "बद्रीभाऊ, आता आपण शिकलो का?"

फोटो झाले, कागद झाले. राहिली तपासणी. अधिकारी येणार, गार्डांना एकेकट्याला विचारणार. बाकीच्यांचं इंद्रजीतला भय नव्हतं. कुणाला दम दिला, कुणाला नवे बूट दिले. पण तपासणी मुंजाबाच्याच गेटवर होणार होती, आन मुंजाबाला खोटं बोलता यायचं नाय. अक्षरशः यायचं नाय, जसं एखाद्याला पोहता येत नाय.

इथं माझं शहाणपण उपयोगाला आलं. माझ्या बापाच्या रानात मुंजाबाचा बाप मेंढरं बसवायचा. कळप शेतात बसला की लेंड्यांचं खत मिळतं, बदल्यात धनगराला धान्य. ह्या व्यवहाराला कागद नसायचा. चिमूटभर भंडारा, म्हणजे देवाची हळद, हातात उचलायचा, बिरोबाचं नाव घ्यायचं, झालं. माझ्या बापानं बँकेला फसवलं असेल, भावाला तर नक्कीच फसवलं, पण उचललेल्या भंडाऱ्याला कधी दगा दिला नाय. मी इंद्रजीतला म्हणालो, "त्याला भंडारा उचलायला लाव. मरंल, पण तोंड उघडणार नाय." इंद्रजीत खूश. "बद्री, तू लई बेरकी हायेस," म्हणाला. मलाही तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मुंजाबाला ऑफिसात बोलावलं. इंद्रजीतनं कागदाच्या पुडीतली हळद टेबलावर ठेवली आन म्हणाला, "शपथ घे, तपासणीत एजन्सीच्या विरोधात तोंड उघडणार नाय." मुंजाबानं पुडीकडं बघितलं, मग पायातले बूट काढले. आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं ते. म्हणाला, "मालक, भंडारा एका बाजूनं नसतो उचलायचा. तुम्ही बी उचला. लायसन आलं की पहिल्या आइतवारपासून मला सुट्टी."

इंद्रजीत हसला. तारे लावलेल्या खांद्याचा हात पुढं करून चिमूट उचलली आन म्हणाला, "दिली. दर रविवारी, जा." दोघांनी बिरोबाचं नाव घेतलं. भंडाऱ्याच्या चालीतली दुसरी अर्धी गोष्ट मी इंद्रजीतला सांगितली नव्हती. एकानं शब्द मोडला की दुसरा त्याच घटकेला मोकळा होतो. म्हटलं, आठवड्याचा एक दिवस तर द्यायचाय, देईल की.

तपासणीला आल्या त्या मेघा मॅडम. तिशीच्या असतील, स्कूटीवर आल्या, चहाला नको म्हणाल्या. तेव्हाच मी समजलो, काम अवघड आहे. गेटजवळच्या केबिनमध्ये त्यांनी मुंजाबाला समोर बसवलं. "काका, ड्युटी किती तास?" मुंजाबा गप्प. "आठवड्याची सुट्टी मिळते का?" गप्प. इंद्रजीत मध्ये तोंड घालून म्हणाला, "मॅडम, शिस्तीचा माणूस आहे, वरिष्ठांसमोर बोलत नाही." मॅडमनी आम्हा दोघांना बाहेर काढलं. काचेतून दिसत होतं. त्या काहीतरी सांगत होत्या, हात जोडल्यासारखं करून सांगत होत्या, आन मुंजाबाच्या कपाळावरून घाम वाहत होता. एकदा त्यानं तोंड उघडलं, मिटलं. दहा मिनिटांनी मॅडम बाहेर आल्या आन माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ह्या माणसाला तुम्ही केलंय तरी काय?"

मी कानावर हात ठेवले. जो माणूस बोलतच नाय त्याची तक्रार कागदावर कशी उतरवणार? मॅडमनी ‘गार्डाने काही सांगितले नाही’ असं लिहिलं. दीड महिन्यानं लायसन आलं. इंद्रजीतनं त्याला फ्रेम केली, हार घातला, पेढे वाटले. गणपतीशेजारी टांगलंय.

पहिल्या शनिवारी मुंजाबा धुतलेली पिशवी घेऊन गेटवर तयार. पिशवीत शिकेकाई, खोबरेल, एक नवा कंगवा. मी म्हणालो, पुढच्या शनिवारी. पुढच्या शनिवारी म्हणालो, सोसायटीत लग्न आहे. तिसऱ्या शनिवारी तो ऑफिसात येऊन इंद्रजीतपुढं उभा राहिला. इंद्रजीत म्हणाला, "अरे, रिलीव्हर कुठून आणू? कसला भंडारा अन् कसलं काय! हळद होती ती, कोपऱ्यावरच्या किराण्यातनं आणलेली." गरज सरो वैद्य मरो, ही आमच्या इंद्राची जुनी रीत. मुंजाबा रागावला नाय. एवढंच म्हणाला, "मालक, शब्द तुम्ही मोडला. आता मला बांधलेलं नाय." इंद्रजीत फोनवर बोलत होता, त्यानं नीट ऐकलंही नाय. मी मात्र ऐकलं.

सोमवारी ड्युटीवर न जाता हा गडी कडक गणवेशात मेघा मॅडमच्या ऑफिसला गेला. चार तास बाकावर बसला, नंबर आल्यावर आत गेला आन नऊ वर्षं एका दमात सांगितली. फळा, खडू, टोप्या, पंपवाल्याचं सिलिंडर, सगळं. मॅडमनी विचारलं म्हणे, "काका, तेव्हा का नाही बोललात? मी तर लायसन अडवायलाच बसले होते." मुंजाबा म्हणाला, "तवा शब्दात व्हतो."

मॅडमनी हार मानली नाय. सोसायटीकडून कॅमेऱ्याचं चित्रण मागितलं, तर सेक्रेटरीनं कळवलं की चित्रण पंधरा दिवसच राहतं, आन गार्डांचे विषय एजन्सीचे, सोसायटीचा संबंध नाय. नऊ वर्षं ज्यानं ह्यांच्या टाक्या वाहिल्या त्याच्याशी संबंध नाय! मग मॅडमनी रजिस्टर घेऊन मला बोलावलं.

टेबलाच्या पलीकडं मॅडम, कडेच्या खुर्चीत मुंजाबा. "हे अक्षर तुमचं?" "हो." "ह्यात ह्यांना दर रविवारी सुट्टी दिलेली दिसते. हे खरं आहे का? खरं सांगितलंत तर मी पुढं जाऊ शकते."

मुंजाबा माझ्याकडं वळला. चेहऱ्यावर राग नाय, काय नाय. म्हणाला, "सांगा की बद्रीभाऊ. तुम्हाला तर समदं ठावं हाय." त्याला खरंच वाटत होतं की मी सांगीन. माझी शपथ कुणी घेतली नव्हती, मला कशानं बांधलं नव्हतं, मग मी का खोटं बोलेन, असा साधा हिशेब असेल त्याचा.

माझ्या मनात काय होतं सांगू? लई मोठा पेच वगैरे नव्हता. खाली उभी असलेली मोटारसायकल एजन्सीची होती, आन घरी चालत जावं लागेल एवढंच डोक्यात आलं. लाज वाटावी असंही कारण मला धड सापडलं नाय. मी म्हणालो, "रजिस्टर खरं आहे, मॅडम."

"लेखी द्या," मॅडम म्हणाल्या. माझ्याकडं बघितलंही नाय. मी लेखी दिलं.

मुंजाबाला दुसऱ्या दिवशी गेटवरून काढलं. पण तक्रार मॅडमनी उघडीच ठेवली होती, म्हणून इंद्रजीतनं एक कागद टाइप करून घेतला आन मला म्हणाला, "ह्याच्यावर म्हाताऱ्याची सही आण, विषय संपव." म्हणून मी पिशोरला गेलो. योगायोग म्हणा, रविवार होता.

वस्तीवर पोचलो तर अंगणात दगडावर म्हाळसाबाई बसलेली, अंगावर ओलं लुगडं, आन मुंजाबा तिच्या केसांवर पाणी ओतत होता. शिकेकाईचा फेस झालेला. मला बघून तो ओशाळला नाय, थांबलाही नाय. म्हणाला, "बसा, बद्रीभाऊ. एवढं आवरतो." सत्यशीलेनं बाज टाकली.

"कोन आलंय?" म्हाळसाबाईनं विचारलं. बोलणं जरा जड, पण स्पष्ट.

"एजन्सीचे बद्रीभाऊ."

"या, भाऊ, या. ह्यांनी एक वार मागितला व्हता, तुम्ही सातबी देऊन टाकले. लई मोठं मन हाय तुमचं." मी हसल्यासारखं केलं. ती हसली नाय. "आता खायचं काय तेवढं सांगा. कागद आणलाय न्हवं? वाचा, ऐकू तर द्या."

मी वाचलं. "मी मुंजाबा, घरगुती कारणामुळे स्वखुशीने काम सोडत आहे. नऊ वर्षांच्या सेवेत मला दर रविवारी साप्ताहिक सुट्टी मिळाली असून माझी कोणाविरुद्ध…"

तिनं डावा हात वर केला. "थांबा. मदलं परत वाचा."

मी परत वाचलं.

"दर आइतवारी?"

"हो."

"नऊ सालं?"

मी मान हलवली. म्हाळसाबाईनं मान वळवायचा प्रयत्न केला, वळली नाय पुरती. तशीच मागच्या मुंजाबाला म्हणाली, "आवो, मंग तुम्ही जात कुठं व्हता? हितं तर आला नाय."

मुंजाबाचा तांब्या हातातच राहिला. सत्यशीला आत निघून गेली.

"भाऊ," म्हाळसाबाई मला म्हणाली, आता आवाज खाली आला होता, "दोन सालं म्या ह्या दगडावर परक्या हातानं अंग धुतलं. जाऊ चांगली हाय, पर परकं ते परकं. आन तुमच्या कागदात ह्यो गडी दर आइतवारी माझ्यापाशी बसलाय. त्यो कागद मलाच द्या की. कुनाकडनं तरी वाचून घेत जाईन."

मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "ऑफिसची प्रत आहे बाई, देता येत नाय."

मुंजाबानं ओले हात धोतराला पुसले, कागद हातात घेतला, नीट घडी घातली आन मला परत दिला. "सही व्हायची नाय, बद्रीभाऊ. जेवून जा," म्हणाला. मी जेवलो नाय.

पिशोरच्या स्टँडवर चहा मागवला आन सही मीच केली. मुंजाबाची सही मला माझ्या सहीपेक्षा बरी जमते, दर महिन्याला करत आलोय. ऑफिसात इंद्रजीतनं कागद उजेडात धरून बघितला आन म्हणाला, "बघ, ऐकला की नाय म्हातारा शेवटी?"

"ऐकला," मी म्हणालो.